सुईची तिसरी खाच

पेट्रोलच्या लिटरला किती तेल घालायचं, एवढाच प्रश्न घेऊन मी उल्हासनगरला गेलो होतो. भाच्याने जुनी आरएक्स १०० मोटरसायकल मातीतल्या शर्यतीसाठी बांधायला घेतली होती आणि दोन महिन्यांत दोनदा तिचा पिस्टन जाम झाला होता. तेल कमी पडलं असेल, असं जो तो सांगे. दर वेळी भाचा तेल वाढवी. शेवटी कुणीतरी कॅम्प तीनमधल्या एका मेकॅनिककाकांचं नाव सुचवलं.

उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचे नंबर मात्र आजही पत्त्यात आहेत. १७ सेक्शनच्या पुढे एका गल्लीत काकांचं गॅरेज सापडलं. दोन गाड्या आत घेतल्या की तिसरी रस्त्यावर, एवढीच जागा.

काकांनी गाडीकडे पाहिलंच नाही. "प्लग आणलात?" म्हणाले.

भाच्याने खिशातून काढून दिला. टोकाशी खडूसारखा पांढरा होता.

"तेल किती घालतोस?"

"लिटरला पन्नास मिली."

"म्हणून जाम होते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जास्त तेलाने पिस्टन जाम कसा होईल? काकांनी शांतपणे समजावलं. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आधी क्रँककेसमधून जातं आणि मगच वर येतं. तिथल्या बेअरिंगना, पिस्टनला तेल मिळतं ते त्याच वाटेने. कंपनीच्या आरएक्समध्ये त्यासाठी वेगळी टाकी आणि पंप असतो. शर्यतवाले पंप काढून तेल पेट्रोलातच मिसळतात. पण कार्बोरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं. त्यातून जे जातं त्यात तेल वाढलं, तर पेट्रोल घटणारच. वीस मिलीवरून पन्नासवर गेलं की शेकडा तीनच्या आसपास पेट्रोल कमी पडतं. हवा तेवढीच. मिश्रण कोरडं होतं, प्लग पांढरा पडतो, पिस्टन तापतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतो आणि अडकतो. त्यात भाच्याने एअर फिल्टरचा डबा काढलेला आणि सायलेन्सर बदललेला, म्हणजे हवा आणखी वाढलेली. जेट मात्र जुनाच.

ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली. ९८ सीसी, साडेसात हजार आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. आकड्यांत मोठं काही नाही. पण वजन कमी आणि यंत्र इतकं साधं, की देशातल्या मातीच्या शर्यतींना कित्येक वर्षं याच इंजिनाने पोरं पुरवली.

काकांनी मिकुनीचा कार्बोरेटर उघडून हातावर घेतला. शटर बाहेर काढलं, त्यात लटकलेली सुई दाखवली. जाडीला काडेपेटीच्या काडीसारखी, पितळेची, खाली निमुळती. वरच्या टोकाला पाच खाचा आणि एका खाचेत नखाएवढं लॉक. लॉक एक खाच खाली सरकवलं की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मी ती सुई बराच वेळ न्याहाळत राहिलो. एका मिलिमीटरच्या आसपासच्या अंतरात गाडीचा स्वभाव ठरतो!

त्यांनी अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीवर कागदी टेप चिकटवली आणि पेनाने चार खुणा केल्या. बंद ते पहिल्या खुणेच्या अर्ध्यापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. त्यापुढे शटरचा तिरपा काप. पाव ते पाऊण सुई. पाऊण ते पूर्ण मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते पाहायचं आणि तेवढाच भाग धरायचा. बहुतेक लोक सगळीकडे एकदम हात घालतात, असं काका म्हणाले. मला त्यांच्या शिस्तीचा फार आदर वाटला. डॉक्टरने नाडी पाहावी तसं हे काम.

तेल त्यांनी पंचवीस मिलीवर आणलं, मेन जेट मोठा घातला, लॉक तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत.

"आता एवढ्याने भागतं असं समजू नका," ते म्हणाले आणि अडचणींची यादी सुरू झाली. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण नऊच. म्हणजे त्याच जेटने मिश्रण पुन्हा कोरडं. गुरूकडून शिकलेले जेटचे जुने नंबर आता चालत नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत ते पाणी तळाला साचतं. जुने रबर सील फुगतात. क्रँकचा सील गेला की तिथून हवा शिरते आणि मग कितीही जेट बदला, प्लग पांढराच. बाजारातल्या जेटवर छापलेला नंबर आणि खरं भोक जुळत नाही, म्हणून काका तारेने मापून घेतात. हे सगळं शिकायला कोण येतं, असं मी विचारलं. "एक पोरगा होता. डिलिव्हरीला गेला," एवढंच म्हणाले. त्या पोराच्या रिकाम्या स्टुलाची मला अजून काळजी वाटते.

रस्त्यावर ही बांधलेली गाडी चालवायची नाही, हे त्यांनी भाच्याला दोनदा बजावलं. आम्ही ती टेम्पोत घालून बदलापूरपलीकडे, ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या शेतात नेली. काका सोबत आले. भाच्याने मूठ पूर्ण पिळली, लांबवर जाऊन तशीच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि ढकलत आणली. असं केलं तरच प्लगवर खरा रंग राहतो.

गरम प्लग फडक्यात धरून काकांनी उन्हाकडे वळवला. चहाच्या रंगाचा होता.

मग त्यांनी सीटखाली टेप लावून लिहिलं: जेटचा नंबर, खाच चौथी, तेल पंचवीस, आणि खाली महिना.

"महिना कशाला, काका?"

"डिसेंबरात पहाटेची हवा दाट होते. तेव्हा परत घेऊन या."