साखळी नसलेले चाक
दुचाकीची अंगरचना : भाग 7

बजाज चेतकच्या मागच्या चाकाला साखळी नाही, पट्टा नाही आणि इंजिनापासून चाकापर्यंत जाणारा लांब शाफ्टही नाही. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट हाच चाकाचा आस असतो. मागील भागात साखळीचा ताण, तिची झीज आणि तिला द्यावे लागणारे वंगण यांचा विचार झाला. चेतकमध्ये ते सारे काम एका बंद पेटीत, पाव लिटर तेलात चालते.

ही रचना मूळची इटलीतली. कोराडिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने पियाज्जो कंपनीसाठी आखलेली व्हेस्पा 1946 मध्ये बाजारात आली. इंजिन चाकाला खेटून बसवल्याने साखळीची गरज उरली नाही आणि चालवणाऱ्याच्या कपड्यांना तेलाचा डाग लागण्याची भीतीही गेली. बजाज ऑटोने आकुर्डीत परवान्यावर व्हेस्पा बनवली. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 मध्ये त्याच घडणीची चेतक आली. टू-स्ट्रोक चेतकच्या सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर, पिस्टनची धाव तेवढीच आणि क्षमता 145.45 सीसी. पुण्यात आजही अनेक घरांच्या पार्किंगमध्ये ती उभी दिसते. नीट ठेवलेली असेल तर ती रोजच्या वापराची गाडी आहे, केवळ जपून ठेवायची वस्तू नव्हे.

शाफ्टवर चालणाऱ्या मोटरसायकलशी तुलना केली की चेतकची रचना चटकन कळते. 1923 च्या बीएमडब्ल्यू आर 32 मध्ये क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने होता. त्यामुळे फिरणारी शक्ती मागे नेऊन तिला काटकोनात वळवावे लागे. त्यासाठी चाकापाशी तिरक्या दात्यांची गिअरजोडी आली. आजच्या शाफ्टच्या मोटरसायकलींतही त्या जोडीला स्वतःचे जाड तेल लागते, आणि शाफ्टच्या टोकावरील उभ्या दात्यांना, म्हणजे स्प्लाइनला, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लागते. ते सुकले की दात्यांवर लालसर भुकटी दिसू लागते आणि दाते झिजत जातात. चेतकमध्ये क्रँकशाफ्ट आडवा, चाकाच्या आसाला समांतर आहे. शक्ती वळवायचीच नाही, म्हणून तिरकी गिअरजोडी नाही. स्प्लाइन मात्र इथेही आहे, आणि पुढे दिसेल तसे बरेचसे दुखणे तिथेच उद्भवते.

क्रँकशाफ्टच्या एका टोकाला क्लच बसतो. त्याचा गिअर एका मोठ्या गिअरला फिरवतो. या मोठ्या गिअरच्या पोटात लहान स्प्रिंगा असतात. क्लच सोडताना बसणारा झटका त्या गिळतात. तिथून शक्ती चार दातेरी चाकांच्या एका अखंड तुकड्यात आणि त्यातून आसावरच्या चार सुट्या गिअरांत जाते. हे चारही गिअर सतत फिरत असतात, पण आसाला धरून नसतात. पोकळ आसात अधिक चिन्हाच्या आकाराचा एक क्रॉस सरकतो आणि हव्या त्या गिअरला आसाशी जखडतो. क्रॉसच्या कडा गोल झाल्या की चालत्या गाडीत गिअर निसटतो. हँडलवरची केबल कितीही ताणली तरी त्यावर इलाज होत नाही.

या पेटीत साधारण 250 मिलिलिटर तेल मावते. व्हेस्पाच्या घराण्यात एसएई 30 हे जुने माप आहे. क्लचच्या प्लेटाही याच तेलात भिजतात, हे विसरले की चूक होते. गिअरबॉक्स म्हटल्यावर चारचाकीच्या डिफरन्शियलमध्ये घालतात ते 90 नंबरचे तेल ओतणे चेतकला मानवत नाही. थंड इंजिनावर क्लच चिकटतो आणि गाडी गिअरमध्ये टाकताच पुढे ओढते. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक तेल वेगळे, त्याचा या पेटीशी संबंध नाही. तेल बदलताना इंजिन थोडे गरम असावे, म्हणजे तळाचा गाळही वाहून जातो. गाडी सरळ उभी करून, पातळीच्या छिद्रातून तेल ओघळू लागेपर्यंत नवे तेल भरावे. पुण्याच्या पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी गेली असेल तर तेल एकदा पाहावेच. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे.

बाहेर थेंबही न गळता तेल कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून धूर वाढला असेल, तर क्लचकडचे क्रँकचे सील गेलेले असते. इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळत असते. तेल उलट वाढून त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तरी संशय त्याच सीलवर घ्यावा.

दुसरी गळती चाकाकडची. रिमच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसतात आणि मागचा ब्रेक धरेनासा होतो. आसावरचे ऑइल सील ड्रमच्या मागे असते, म्हणून ड्रम काढावा लागतो. स्टेपनी बदलणे याहून फार सोपे: रिमचे नट काढले की चाक हातात येते, ड्रम जागेवरच राहतो. ड्रमचा मधला मोठा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करावा. आधी कॉटर पिन काढावी, एकाने मागचा ब्रेक पायाने दाबून धरावा आणि दुसऱ्याने लांब दांडीचा पाना लावावा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन चाक काढावे. ड्रम हाताने न निघाल्यास पुलर लावावा. आसाच्या टोकावर हातोडा मारला की आटे बसतात आणि आस बदलायचा तर अख्खे इंजिन उघडावे लागते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

सील बदलण्यापूर्वी ड्रमचा मधला गळा बोटाने चाचपून पाहावा. सीलची कड त्याच गळ्यावर घासत असते. तिथे खाच लागली असेल तर नवे सीलही गळणारच. वारंवार सील बदलण्यापेक्षा ड्रम बदलणे हाच खरा उपाय; सुटे भाग नाना पेठेत शोधावेत आणि जुना ड्रम सोबत नेऊन दाते जुळवून घ्यावेत. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत, कारण मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते.

गाडी सुटताना मागून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर ड्रम स्प्लाइनवर हलतो आहे. कारण जवळजवळ नेहमी सैल राहिलेला नट असतो. ड्रमचे दाते आधी झिजतात. तशीच गाडी चालवत राहिल्यास एके दिवशी इंजिन पळते आणि चाक जागचे हलत नाही. बसवताना दाते स्वच्छ पुसून ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ब्रेकच्या कॅमलाही किंचित ग्रीस पुरते. जास्तीचे ग्रीस लायनरवर जाते.

नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या मापाने आवळावा. काही गाड्यांत नटावर खाचांची टोपी असते, ती फिरवून पिनचे छिद्र जुळवता येते. टोपी नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करावा, मागे फिरवू नये. कॉटर पिन दर वेळी नवी घालावी, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर ती काढून नट पुन्हा एकदा तपासावा.