दवाखान्यातून सुट्टी झाली, पण जायचे कुठे?

अमरावतीच्या इर्विनमधून किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमधून रोग्याला सुट्टी मिळते, तेव्हा डॉक्टर सांगतात : जखम कोरडी ठेवा, गोळ्या वेळेवर घ्या, पुन्हा दाखवायला या. घर असलेल्याला हे जमते. ज्याचा मुक्काम बडनेऱ्याच्या फलाटावर किंवा अकोल्याच्या एसटी स्टँडबाहेर आहे, त्याने जखम कोरडी ठेवायची कशी? साध्या क्षयाच्या गोळ्यासुद्धा सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. रात्री झोपेत पिशवी चोरीला गेली की गोळ्या गेल्या आणि आधार कार्डही गेले. क्षयरोग्याला पोषण आहारासाठी सरकार महिना 1000 रुपये देते, पण ते बँक खात्यात जमा होतात. वापरात असलेली इन्सुलिनची बाटलीसुद्धा थंड जागी ठेवायची असते. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर गेला होता. बेघराने ती बाटली ठेवायची कुठे?

म्हणून निवारा हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि तो महापालिकेच्या अंदाजपत्रकात सुटतो किंवा अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज्यांना शहरी बेघरांसाठी निवारे उभारायला सांगितले. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्याचा निकष असा की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 माणसांची सोय हवी, माणशी 50 चौरस फूट जागा हवी आणि निवारा चोवीस तास उघडा हवा. 2011 च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे 6 लाख 47 हजार आणि अकोल्याची 4 लाख 25 हजार होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरही अमरावतीत 600 आणि अकोल्यात 400 जणांची सोय व्हायला हवी. आपल्या शहरात प्रत्यक्षात किती खाटा आहेत, हे प्रत्येकाने एकदा जाऊन मोजावे.

आता पैशाचे पाहू. अभियानाच्या मूळ सूचनांत 50 माणसांचा निवारा चालवायला वर्षाला 6 लाख रुपये धरले होते. भागाकार केला तर माणशी दिवसाला 33 रुपये पडतात. त्यात राखणदार, झाडलोट, वीज, पाणी, अंथरूण-पांघरूण सगळे आले. या पैशात मलमपट्टी करणारी परिचारिका कुठून येणार? शिवाय हा चालवण्याचा खर्चही पाच वर्षांपुरताच. पुढे शहराने आपले पाहावे. माझ्या मते घोडे इथेच अडते. इमारत एकदा बांधली की उद्घाटनाचा फोटो मिळतो. सहाव्या वर्षीच्या चादरींसाठी कोणी फीत कापत नाही. त्यात ते अभियानही सप्टेंबर 2024 मध्ये संपले. फेब्रुवारी 2025 मध्ये हा खटला सर्वोच्च न्यायालयात अमरावतीचेच न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठापुढे आला, तेव्हा नवे अभियान अंतिम टप्प्यात आहे असे केंद्राने सांगितले. पण योजनेची मुदत संपली म्हणून फलाटावरचा माणूस घरी जात नाही.

बेघर होण्याआधीच माणसाला सावरणे स्वस्त पडते, पण तिथेही फट आहे. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला घर बांधायला अनुदान मिळते, मात्र त्यासाठी स्वतःची जागा किंवा कच्चे घर लागते. नवऱ्याच्या आजारपणात भाडे थकले आणि खोली सोडावी लागली, अशा बाईला त्यातले काय मिळणार? तीन महिन्यांच्या भाड्याची मदत तिला रस्त्यावर येऊ देणार नाही. बाहेरच्या अनेक देशांत बेघरांसाठीच्या अनुदानाचा एक भाग याच कामासाठी बाजूला काढतात. आपल्या पालिकांच्या अंदाजपत्रकातही असे लेखाशीर्ष हवे.

मनोरुग्णांसाठी कायदा तरी स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेतले, तर 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. घर नाही एवढ्याच कारणावरून त्याला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. मग बरा झाल्यावर तो राहणार कुठे, हा प्रश्न पुन्हा निवाऱ्यापाशीच येतो.

वऱ्हाडाला हे काम नवे नाही. याच मातीतल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. त्यांच्या दादरच्या धर्मशाळेत आजही दूरदूरचे कॅन्सरचे रोगी टेकतात. दवाखान्याजवळ रोग्याला टेकायला जागा हवी, हे त्यांना कळले होते.

महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, त्याची आकडेमोड मात्र दिवाळीनंतरच सुरू होते. विहाराच्या समितीने तेव्हाच आयुक्तांना अर्ज द्यावा : बेघरांची मोजणी रात्री करा, निवाऱ्यात सुट्टी झालेल्या रोग्यांसाठी वेगळ्या खाटा आणि आठवड्यातून दोनदा परिचारिका ठेवा, आणि थकलेल्या भाड्यासाठी मदतनिधी ठेवा. मागील वर्षी निवाऱ्यावर मंजूर किती झाले आणि खर्च किती झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.