शरीराचे वजन आणि जांघेतील अंतर्गळ

पोटाच्या भित्तीतील दुर्बळ जागेतून आतड्याचा किंवा चरबीचा भाग जांघेत उतरणे म्हणजे जांघेतील अंतर्गळ, अर्थात हर्निया. स्थूलतेमुळे पोटातील दाब वाढतो. त्यामुळे स्थूल व्यक्तींना हा विकार अधिक होत असावा, असे अनुमान सहज निघते. परंतु अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारित, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण कमी आढळले. चरबीमुळे निदान हुकणे, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. म्हणजेच स्थूलता हितकारक ठरत नाही. मात्र कृश बांधा हेही संरक्षण नव्हे. अंगमेहनत करणाऱ्या कृश मजुराने जांघेतील फुगवटा दुर्लक्षिला आणि आतडे अडकले, तर जिवावर बेतते व मजुरीही बुडते. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. बुडालेली मजुरी मात्र वेळेवर झालेले निदानच वाचवू शकते.