घरातल्या कोपऱ्यात खराद

डोंबिवलीत घरात मशिन आणायचे म्हटले की शेजाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि त्यात त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट इथे कोणी विसरलेले नाही. म्हणून लेथ आणण्याआधी आम्ही सोसायटीच्या मंडळींना घरी चहाला बोलावले. हा कारखाना नाही, इथे रसायन नाही, भट्टी नाही, विक्रीसाठी काही बनणार नाही, हे समजावून सांगितले. ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. आम्ही स्वतःहून मगरीबनंतर मशिन बंद ठेवण्याचे कबूल केले. दुपारी दोन ते चार आजारी-म्हाताऱ्यांची झोप, तेव्हाही बंद.

एवढा खटाटोप कशासाठी? अब्बांसाठी. आयुष्यभर टर्नरचे काम केलेला माणूस निवृत्त झाला आणि गप्प झाला. वर्तमानपत्र संपले की खिडकीत बसायचे. त्यांच्या हातातली विद्या आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती. खराद म्हणा, लेथ म्हणा, आपल्या जुन्या मराठीत त्यावरच्या कारागिराला कातारी म्हणत. पण घरात कातारी असून पुढची पिढी कोरी राहणार होती.

जागा म्हणजे तळमजल्यावरच्या फ्लॅटची मागची खोली, तीही अर्धी. टेबलावर बसणारा लहान लेथ साधारण 40 किलोचा असतो, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिंपापेक्षा पुष्कळ हलका. दोन टोकांमध्ये 300 मिलिमीटर लांबीचा नग बसतो. घरगुती सिंगल फेजवर चालतो. मात्र अर्थिंग नीट तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. यात काटकसर नको. टेबल जड हवे. त्याच्या पायांखाली जाड रबर घातले तर वरच्या मजल्यावर घरघर जात नाही. पैसे घेऊन काम करायचे असेल तर मात्र वीजजोडणीचे नियम आधीच तपासून घ्यावेत.

हत्यारांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. सीएसएमटीला किंवा मशीद स्टेशनला उतरून चालत जाता येते. एकेका दुकानात फक्त ड्रिल, एकात फक्त व्हाइस. तिथे अब्बांचा आवाज बदलला. दुकानदाराशी ते सुतात बोलत होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आमच्या दहावीतल्या मुलीला तेव्हा कळले. खर्चाचे विचाराल तर मशिनच्या किमतीइतकेच पैसे पुढे चक, टूल, व्हर्निअर, मायक्रोमीटर यांत जातात. सगळे एका दिवशी घेऊ नका. काम अडेल तेव्हा घ्या.

पहिला महिना अब्बांनी मुलीला मशिनला हात लावू दिला नाही. आधी कानस. एक लोखंडी तुकडा सहा बाजूंनी काटकोनात आणायचा. ती वैतागली, दोन दिवस बसलीच नाही. आम्हाला वाटले, संपले. तिसऱ्या दिवशी अब्बांनी तिच्यापुढे अम्मीच्या पायमशिनचे चाक ठेवले. त्यातले बुश झिजल्याने चाक डुगडुगत होते. पितळेचा तुकडा चकात धरून अब्बांनी तो तिच्यासमोर कातला. दांडा 10 मिलिमीटरचा, भोक 10.05 चे. पाच शतांश मिलिमीटरची ही फट तेलाला जागा देते. ती नसेल तर चाक जाम होते, जास्त असेल तर पुन्हा डुगडुगते. “ऐक,” अब्बा म्हणाले, “टूल धारदार असले की बारीक सळसळ येते. किंचाळायला लागले, तर हात थांबव.” हे कुठल्या तक्त्यात सापडत नाही.

म्हणून आम्ही वही घातली. अल-जझरीने दियारबाकिरच्या दरबारात 1206 मध्ये पूर्ण केलेला यंत्रांचा ग्रंथ आजही वाचता येतो, कारण त्याने नुसती नवले मांडली नाहीत. भाग कसा घडवायचा, कसा जोडायचा, हेही लिहिले. आमची वही अर्थातच तेवढी मोठी गोष्ट नव्हे. मुलगी लिहिते, अब्बा तपासतात आणि शुद्धलेखनावरून दोघांचे भांडण होते.

वहीचे पहिले पान सुरक्षिततेचे. ओढणी किंवा स्कार्फचे टोक आत खोचलेले, बांगड्या-अंगठी-घड्याळ काढलेले, डोळ्यांवर गॉगल. फिरत्या मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात ओढला जातो. चकची चावी चकात सोडून बटण दाबायचे नाही. लोखंडाचा कीस हाताने उचलायचा नाही, ब्रशने. घरी कोणी मोठे नसताना मशिन सुरू नाही. हे नियम अब्बांनाही लागू, असे मुलीने खाली स्वतःहून लिहिले आहे.

पावसाळ्यात डोंबिवलीची दमट हवा लोखंडाला सोडत नाही. काम संपले की मशिन पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि वर सुती चादर टाकायची. प्लास्टिकखाली घाम धरतो आणि गंज लवकर चढतो.

सध्या वहीत आटे कापण्याचे प्रकरण चालू आहे. दीड मिलिमीटरच्या पिचसाठी कोणते गिअर लावायचे, यावर आजोबा आणि नात दोन दिवस अडले आहेत. अम्मी म्हणते, जेवण गार होते.