चालू आहे, पण सुरक्षित आहे का?

जानेवारीतली सकाळ. न्हाणीघर चार बाय पाचचे, गारठा नको म्हणून वरची छोटी खिडकीही लावून घेतलेली. भिंतीवर नऊ वर्षांचा गॅस गिझर. आत गेलेला मुलगा पंधरा मिनिटे झाली तरी बाहेर येत नाही, हाकेला ओ देत नाही. दार तोडून पाहावे तर तो जमिनीवर बेशुद्ध, नळ चालूच.

हिवाळ्यात असे रुग्ण मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागात येतात. नातेवाईक सांगतात, ‘फिट आली असावी’ किंवा ‘चक्कर येऊन पडला’. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९८ दाखवते. मेंदूचा स्कॅनही बहुधा साफ येतो. मग कुणीतरी विचारते, घरी पाणी कशावर तापवता? या प्रश्नावर बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते: ‘गिझर अगदी चांगला आहे हो, पाणी कडक तापते.’

घरातले यंत्र कधी बदलायचे याची आपली कसोटी ‘चालते का’ एवढीच असते, आणि धोक्याचे मूळ तिथेच आहे. प्रत्येक यंत्राला दोन आयुष्ये असतात, एक कामाचे आणि दुसरे संरक्षणाचे. पाणी तापवणारा भाग आणि घरातल्यांना जपणारा भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. बहुतेक वेळा जपणारा भाग आधी जातो, आणि तो गेल्याचे यंत्र काही सांगत नाही.

गॅस गिझरचेच पाहू. स्वयंपाकाचा गॅस पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. वर्षानुवर्षे न साफ केलेल्या बर्नरमध्ये धूळ, काजळी आणि गंज साचतो, ज्योत निळीची पिवळट होते. पाणी मात्र पहिल्यासारखेच तापते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बंद न्हाणीघरात कालच आणलेला गॅस गिझरही सुरक्षित नसतो, कारण एवढ्याशा खोलीतली हवा तो आणि अंघोळ करणारा मिळून संपवत असतात. यंत्र जुने झाले की धोका वाढतो इतकेच. हा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. जागा नसेल तर तो घेऊच नये.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवते. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, पायातली ताकद जाते. उठून दार उघडावे असे वाटेपर्यंत उठण्याची शक्ती उरलेली नसते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण दीड तासात होते. म्हणून असे कुणी सापडले तर आधी त्याला उघड्यावर आणावे, गॅस बंद करावा, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘गॅस गिझर होता’ हे सांगावे. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. शुद्धीवर येऊन घरी गेलेल्या काही रुग्णांत दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात फरक अशी लक्षणे दिसू लागतात. त्यामुळे ‘बरा झाला’ म्हणून पुढची तपासणी टाळू नये.

विजेच्या गिझरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातले क्षार टाकीच्या पत्र्याला खाण्याऐवजी आधी या कांडीला खातात. ती संपली की पाळी टाकीची. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत ही कांडी दोन-तीन वर्षांतच झिजू शकते. ती बदलली तर गिझर दहा वर्षे सहज टिकतो, नाहीतर पाचव्या-सहाव्या वर्षीच टाकी गळू लागते. टाकी गळली की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, गिझर बदलावा. थर्मोस्टॅट, जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह हे त्याचे तीन राखणदार. पाणी तापताना त्या व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. भिंत ओली होते म्हणून त्याचे तोंड बुचाने बंद करणारे महाभाग कमी नाहीत. ते घरात एक बंद बॉयलर टांगून ठेवत असतात.

नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ‘जरासा करंट मारतो’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. आतली कॉइल फुटून वीज पाण्यात उतरत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी घरातला साधा एमसीबी उपयोगाचा नाही. तो तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरेखुरे अर्थिंग लागते. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असे लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज पटकन गेली तर उपकरण जागे आहे, नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. कित्येक घरांत ते बटण बसवल्यापासून एकदाही दाबलेले नसते.

स्वयंपाकघरात सर्वांत आधी म्हातारे होते ते रबर. शेगडी वीस वर्षे चालेल, पण तिला जोडलेल्या केशरी सुरक्षा ट्यूबचे आयुष्य पाच वर्षेच धरले आहे. ट्यूबवर साल छापलेले असते. तेलाच्या थराखाली ते दिसत नसेल तर वय झाले असे समजून ती बदलावी. सिलिंडर घेतानाही वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला पाहावे. तिथे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ‘बी-२८’ म्हणजे त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत होणे आवश्यक आहे. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत पाठवण्याचा ग्राहकाला हक्क आहे. गॅसचा वास आला तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण चालू-बंद काहीही करू नये, खिडक्या-दारे उघडावीत आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा उंचावरच्या एका झरोक्याने भागत नाही.

लग्नात आलेला कुकर नातवाच्या बारशापर्यंत चालतो, आणि त्यात काही चूक नाही. भांडे टिकते. टिकत नाहीत ती रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकला किंवा पाणी आटले तर शेवटचा बचाव त्या व्हॉल्व्हचाच असतो. आत दाब किंवा उष्णता मर्यादेबाहेर गेली की त्यातला धातू वितळून वाफेला वाट करून देतो. तो एकदा उडाला की त्याच कंपनीचा नवा बसवावा. नाक्यावरून आणलेला ‘जवळपास बसतो’ असा व्हॉल्व्ह नको. कुकर फुटून भाजलेल्यांच्या जखमा चेहरा, मान आणि छातीवर असतात, कारण बाई त्या वेळी ओट्यासमोरच उभी असते.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत तर फसवणूक डोळ्यांसमोर चालते. अतिनील दिव्याचा जंतू मारणारा किरण डोळ्यांना दिसत नाही; आपल्याला दिसतो तो नुसता निळा उजेड. सतत जळणाऱ्या दिव्याची जंतू मारण्याची ताकद साधारण ८,००० ते ९,००० तासांत, म्हणजे जवळपास वर्षभरात बरीच घटते. निळा उजेड त्यानंतरही तसाच राहतो. घरातला दिवा सतत चालू नसतो, त्याला थोडे जास्त दिवस मिळतील, पण चार-पाच वर्षे तोच दिवा असेल तर ते पाणी केवळ उजेडातून गेलेले असते. घरात वारंवार जुलाब होत असतील तर बाहेरच्या पाणीपुरीला दोष देण्याआधी मागची सर्व्हिस कधी झाली ते पाहावे. तोवर पाणी उकळून प्यावे, त्याला मुदत नाही.

फ्रिज दहा-पंधरा वर्षे चालतो आणि त्याच्या म्हातारपणाने कुणी एकदम दगावत नाही. तरीही मधुमेहाच्या रुग्णांनी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. दाराचे रबर सैल झालेला किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला फ्रिज कधी १२ अंशांवर जातो, तर कधी फ्रीजरलगतची बाटली गोठवतो. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामीच. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात, रुग्णाला पथ्य मोडल्याबद्दल बोलणी बसतात, आणि दोष असतो दाराच्या रबरात! कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे. तो सहज ओढता आला तर रबर बदलावे. आत एक साधा थर्मामीटर ठेवला तर अंदाज बांधावा लागत नाही. दाराचे रबर काही शेकड्यांत किंवा फार तर हजार-दोन हजारांत येते, त्यासाठी नवा फ्रिज लागत नाही. कॉम्प्रेसर गेला आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली, तर मात्र नव्याचा विचार करावा.

पंखा, मिक्सर, इस्त्री यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वायरचे आवरण तडकले किंवा पिन काळी पडली की वायर बदलावी, चिकटपट्टी लावू नये.

उरतो तो जुन्या वस्तूंचा प्रवास. शहरात नवे आले की जुना गिझर गावच्या घरी जातो, जुना फ्रिज कामवाल्या मावशींना दिला जातो, जुनी शेगडी हॉस्टेलवरच्या भाच्याला. देण्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण यंत्र जिथे पोचते तिथे बहुधा अर्थिंग नसते, आरसीसीबी नसतो, आणि न्हाणीघर आणखी लहान असते. देण्याआधी वायर, ट्यूब, रबर नवे घालून द्यावे. गॅस गिझर मात्र देऊच नये. भंगारात घालतानाही त्याचा बर्नर काढून वेगळा द्यावा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या भिंतीवर बसणार नाही.