पांढऱ्या अंड्यात पांढरं किती?

पांढऱ्या कापडावर ठेवलेलं अंडं रंगवायला सांगितलं की नवखे विद्यार्थी सावलीतली बाजूही जवळजवळ पांढरीच ठेवतात. हात कच्चा असतो म्हणून नव्हे. अंडं पांढरं आहे हे मेंदूला ठाऊक असतं आणि डोळ्यांनी आणलेली खबर तो परस्पर दुरुस्त करतो.

एमआयटीतले दृष्टिशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी १९९५ साली याचा चित्ररूप पुरावाच दिला. बुद्धिबळासारख्या पटावर नळकांड्याची सावली पडली आहे. सावलीबाहेरचं काळपट घर आणि सावलीतलं पांढरट घर, दोन्हींचा करडा रंग तंतोतंत एकच. आजूबाजूची घरं झाकेपर्यंत मात्र ते पटत नाही. मेंदू सावली वजा करतो. म्हणून तर भरदुपारी पाहिलेला सदरा दिवेलागणीलाही तसाच वाटतो. चित्रकाराला नेमकी ही वजाबाकी थांबवायला शिकावं लागतं.

त्या कामी योहान लॅम्बर्ट यांचा १७६० सालचा नियम मोलाचा आहे. दिव्याला सामोऱ्या पृष्ठभागावर १०० टक्के उजेड पडतो असं धरलं, तर ३० अंश कललेल्या भागावर तो ८७ टक्के असतो, ६० अंशांवर ५० आणि ९० अंशांवर शून्य. म्हणजे उजेड आधी रेंगाळतो आणि सावलीची हद्द आली की झपाट्याने उतरतो. आपण मात्र पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत समान पायऱ्या पाडतो आणि गोलाई हरवते. (पौर्णिमेचा चंद्र थाळीसारखा सपाट दिसतो, कारण त्याची खडबडीत धूळ हा नियम पाळत नाही आणि तो कडेपर्यंत जवळपास सारखाच उजळतो.)

सावलीच्या आत, खालच्या कडेला, कापडावरून परतलेला उजेड असतो. शेजारी सर्वांत गडद पट्टा असल्याने तो आहे त्याहून उजळ भासतो, आणि तिथेच पुष्कळ चांगली चित्रं बिघडतात.

सावंतवाडीत जन्मलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीआड धरलेला तळवा, आणि बोटांमधून झिरपणारी लाली, कारण त्वचेतून लाल प्रकाश इतर रंगांपेक्षा अधिक पार होतो. हे सारं जलरंगात! पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. तो कुठे राखायचा हे आधीच ठरवावं लागतं. माझ्या मते छायाप्रकाशाचा याहून चांगला धडा आपल्याकडे दुसरा नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी एवढं जरूर करावं. रंगांची पेटी काही दिवस बाजूला ठेवावी. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून एकाच बाजूने एक दिवा लावावा. डोळे किलकिले करून आधी फक्त तीन छटांत अंडं उतरवावं. शंका आली की करड्या कागदाला बारीक भोक पाडून त्यातून ती एकच जागा पाहावी आणि जी छटा दिसेल तीच लावावी.