छपरावरची वीज कशी मोजावी?

2024 साली केंद्र सरकारची प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि जुन्नर-आंबेगावातही घरांच्या छपरांवर काळ्या काचा दिसू लागल्या. भेटणारे मला विचारतात, “सर, दोन किलोवॉटचे बसवले, तरी बिल येतेच. फसलो की काय?” मी विचारतो, “वीज किती तयार झाली?” त्याचे उत्तर मात्र कुणाजवळ नसते.

आता बघा, बिल म्हणजे शेवटची वजाबाकी. शिवाय त्यात स्थिर आकार असतोच. घराची खरी परीक्षा करायची तर तीन आकडे हवेत: छपरावर तयार झालेली वीज, तारेवरून घेतलेली वीज आणि तारेला दिलेली वीज. पहिला आकडा इन्व्हर्टरवर मिळतो, पुढचे दोन नेट मीटरवर. समजा, महिन्यात 240 युनिट तयार झाले, 130 तारेला दिले आणि 70 घेतले. तर घरात 240 वजा 130 अधिक 70, म्हणजे 180 युनिट खर्च झाले. हा 180 चा आकडा बिलात कुठेच दिसत नाही! तो वाढत असेल, तर दोष काचांचा नाही. आधी जुना फ्रीज आणि दिवसभर फिरणारे पंखे पाहावेत.

किलोवॉटचा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे काच 25 अंशांवर धरतात. एप्रिलात मंचरच्या पत्र्यावर ती 60 पर्यंत तापते, आणि शेकडा दहा-बारा वीज तिथेच जाते. आपल्याकडे एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट धरावेत. पावसाळ्यात कमी, भीमाशंकरच्या बाजूला आणखी कमी. म्हणून एका महिन्यावरून निकाल देऊ नये. वर्ष पुरे होऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा गावची वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. ते मुद्दाम केलेले आहे. खांबावर वायरमन चढलेला असतो. तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली तर त्याचा जीव जाईल. तेव्हा दिवसा वीज किती तास गेली, तेही वहीत लिहावे.

आकडे नोंदवून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखात दानाचे आकडे दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहेत. गुरुजींनी दर महिन्याच्या 1 तारखेला मुलांकडून घरचे मीटर वाचून घ्यावेत. गणिताचा तास आयताच होईल.

माझ्याच वहीत नोव्हेंबरचा आकडा घसरलेला दिसला. आभाळ तर निरभ्र होते. वर जाऊन पाहिले, तर सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे शेजारच्या चिंचेची सावली दुपारनंतर काचांवर येत होती. फांदी छाटायला शेजारी तयार आहेत, पण चिंचा उतरल्यावर.